घरभाड्याचं व्हाउचर कसं चालतं? अमेरिकेतल्या 'सेक्शन ८'विषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत तुटपुंज्या कमाईवर भाड्याच्या घरात राहणाऱ्या माणसांमध्ये बसलात, तर 'सेक्शन ८' हे शब्द कानावर पडायला वेळ लागत नाही. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना घरभाड्यासाठी व्हाउचर देणारी ही सरकारी योजना. कुणी वर्षानुवर्षं यादीत असतं, कुणाला नुकतंच मिळालेलं असतं, तर कुणाला मिळूनही घर सापडलेलं नसतं. या तिन्ही प्रकारच्या लोकांचे प्रश्न वेगळे असतात. इथे ते एकत्र घेतले आहेत. यातली उत्तरं देशभर लागू असलेल्या केंद्रीय नियमांवर आधारलेली आहेत. बारीकसारीक बाबतीत प्रत्येक गावाची हाउसिंग अथॉरिटी, म्हणजे योजना चालवणारी स्थानिक सरकारी संस्था, आपापले नियम ठरवते, हे वाचताना लक्षात असू द्या.

व्हाउचर म्हणजे नेमकं काय? पैसे हातात मिळतात का?

नाही. व्हाउचर म्हणजे सरकारने दिलेली एक हमी. कुटुंबाने खुल्या बाजारात, कुणाही खासगी मालकाचं घर शोधायचं. भाड्याचा एक वाटा कुटुंबाने भरायचा आणि उरलेला हाउसिंग अथॉरिटी दर महिन्याला थेट घरमालकाला देते. कागद दोन होतात: भाडेकरू आणि मालक यांच्यातला नेहमीचा भाडेकरार, आणि अथॉरिटी व मालक यांच्यातला अनुदानाचा करार. पैसा वॉशिंग्टनहून 'हड' या गृहनिर्माण खात्याकडून येतो, पण कारभार दोन हजारांहून अधिक स्थानिक संस्था पाहतात. आजघडीला सुमारे २३ लाख कुटुंबं या व्हाउचरवर राहतात.

योजनेचं अधिकृत नाव 'हाउसिंग चॉइस व्हाउचर'. बोलताना मात्र कुणी ते वापरत नाही.

मग 'सेक्शन ८' हे नाव कुठून आलं?

१९३७ च्या गृहनिर्माण कायद्याच्या आठव्या कलमावरून. पण त्या कलमाला आजचं रूप मिळालं ते १९७४ मध्ये. तोवर सरकारचा भर स्वतः इमारती बांधून गरिबांना त्यात राहायला देण्यावर होता. त्या वसाहतींची अवस्था पुढे इतकी बिघडली की सेंट लुईसमधली प्रुइट-आयगो ही प्रचंड वसाहत बांधून वीस वर्षंही होत नाहीत, तोच १९७२ मध्ये पाडायला सुरुवात झाली. १९७३ मध्ये निक्सन सरकारने नव्या अनुदानित बांधकामांना स्थगिती दिली. पुढच्या वर्षी २२ ऑगस्टला जेराल्ड फोर्ड यांनी नव्या कायद्यावर सही केली, तेव्हा त्यांना राष्ट्राध्यक्ष होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. विचार असा होता की घरं बाजारात आहेतच, लोकांची अडचण भाडं परवडत नाही ही आहे. मग अनुदान इमारतीला कशाला, कुटुंबालाच द्या.

सुरुवातीला याला 'सर्टिफिकेट' म्हणत. १९८०च्या दशकात 'व्हाउचर' आलं आणि १९९८ च्या कायद्याने दोन्ही एकत्र केली.

माझ्या खिशातून किती जातात?

ढोबळमानाने उत्पन्नाच्या ३० टक्के. हे उत्पन्न 'समायोजित' असतं, म्हणजे मुलं, अपंगत्व, वृद्ध सदस्य, ठरावीक वैद्यकीय खर्च, पाळणाघराचा खर्च अशा वजावटी काढून उरलेलं. ही टक्केवारी आली ती मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर एडवर्ड ब्रुक यांनी १९६९ मध्ये सार्वजनिक घरांसाठी आणलेल्या दुरुस्तीतून. त्यांनी मर्यादा २५ टक्के ठेवली होती, १९८१ मध्ये ती ३० झाली.

पण व्हाउचर कुठल्याही भाड्याला पुरत नाही, आणि खरा घोळ इथे होतो. 'हड' दरवर्षी प्रत्येक भागासाठी 'फेअर मार्केट रेंट' जाहीर करतं. नुकत्याच भाड्याने गेलेल्या साधारण दर्जाच्या घरांची भाडी चढत्या क्रमाने लावली, तर खालून ४० टक्क्यांवर येणारा आकडा म्हणजे हे भाडं. त्याच्या ९० ते ११० टक्क्यांच्या दरम्यान स्थानिक अथॉरिटी आपलं 'पेमेंट स्टँडर्ड' ठरवते. अनुदान मोजताना या आकड्याच्या वरचं भाडं धरलं जात नाही.

आकडे घालून पाहू. समजा, वजावटी काढून कुटुंबाचं महिन्याचं उत्पन्न २,००० डॉलर आहे. ३० टक्के म्हणजे ६०० डॉलर. पेमेंट स्टँडर्ड १,५०० आहे. घराचं भाडं १,४००, आणि वीज-गॅस भाडेकरूने भरायचे असल्याने अथॉरिटीने त्यासाठी १५० धरले. एकूण झाले १,५५०. अथॉरिटी १,५०० मधून ६०० वजा करून ९०० देईल. कुटुंबाकडे राहिले ६५०: त्यातले ५०० मालकाला आणि १५० विजेला. वरच्या ५० डॉलरचा भार कुटुंबाने स्वतः उचलला, आणि ते चालतं.

हेच घर एकूण १,७५० ला पडलं असतं तर? कुटुंबाचा वाटा ८५० झाला असता. नव्याने घर घेताना कुटुंबाचा वाटा समायोजित उत्पन्नाच्या ४० टक्क्यांवर जाऊ द्यायचा नाही, असा नियम आहे. इथे ती मर्यादा ८०० ची. म्हणून हे घर मंजूर होणार नाही, मग तुम्ही पोटाला चिमटा काढायला तयार असलात तरी. लोकांना हा नियम जाचक वाटतो. पण पगारातला निम्मा भाग भाड्यात घालवणाऱ्याला एक आजारपण किंवा गाडीची एक दुरुस्ती किती महागात पडते हे ज्याने पाहिलंय, त्याला तो कळतो.

मध्येच नोकरी गेली तर?

व्हाउचरची खरी किंमत याच वेळी कळते. वरच्या कुटुंबाचं उत्पन्न २,००० वरून १,२०० वर आलं, तर त्याने अथॉरिटीला लगेच कळवायचं. कागदपत्रं तपासून वाटा नव्याने मोजला जातो. ६०० चे ३६० होतात आणि अनुदान तेवढंच वाढतं. मालकाला भाडं पूर्ण मिळत राहतं, घर सुटत नाही, मुलांची शाळा बदलत नाही. एकरकमी मदतीत हे होत नाही, ती संपली की संपली.

उलट बाजूही आहे. पगार वाढला की वाटाही वाढतो. कमाई इतकी वाढली की अनुदान शून्यावर आलं, तरी लगेच नाव काढत नाहीत, १८० दिवसांची सवड असते. तेवढ्यात पुन्हा कमाई घसरली, तर अनुदान परत सुरू होऊ शकतं.

कोण पात्र आहे?

मुख्य कसोटी उत्पन्नाची. त्या भागातल्या मध्यम उत्पन्नाच्या ५० टक्क्यांच्या आत असावं, कुटुंबातल्या माणसांच्या संख्येप्रमाणे मर्यादा बदलते. शिवाय दरवर्षी नव्याने घेतलेल्या कुटुंबांपैकी किमान ७५ टक्के 'अत्यंत कमी' उत्पन्न गटातली असावी लागतात, म्हणजे मध्यम उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या किंवा दारिद्र्यरेषेच्या आत, यातलं जे जास्त असेल ते. एकटा माणूसही 'कुटुंब' धरला जातो.

दुसरी कसोटी नागरिकत्वाची. नागरिक, ग्रीन कार्डधारक, निर्वासित म्हणून किंवा आश्रय मिळून आलेले लोक पात्र ठरतात. विद्यार्थी व्हिसा किंवा एच-१बी वर असलेले ठरत नाहीत. घरात काही सदस्य पात्र आणि काही नसतील, तर अनुदान त्या प्रमाणात कमी होतं. घरात फक्त मूल पात्र असलं, तरी घराला काहीच मिळत नाही असं नाही.

मी सगळ्या अटींत बसतो. मग मिळत का नाही?

कारण हा हक्क नाही. फूड स्टॅम्पसाठी, म्हणजे अन्नासाठीच्या सरकारी मदतीसाठी, पात्र ठरलात की ते मिळतातच. व्हाउचरचं तसं नाही. काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, दरवर्षी एक रक्कम मंजूर करते, अलीकडे ती ३० अब्ज डॉलरच्या वर असते. त्यात जेवढी कुटुंबं बसतील तेवढीच बसतात. भाड्यासाठी केंद्राची मदत मिळण्यास पात्र असलेल्या साधारण चार कुटुंबांपैकी एकालाच कुठलीतरी मदत मिळते. बाकीची तीन बाहेर.

याच देशात घराच्या कर्जावरच्या व्याजाची करसवलत नियमात बसणाऱ्या प्रत्येक मालकाला मिळते. तिच्यासाठी कुणाला लॉटरी काढावी लागत नाही. ही तुलना खोडसाळ वाटली तर वाटो, पण रांगेत उभं राहणाऱ्याला ती सुचल्याशिवाय राहत नाही.

किती वर्षं थांबावं लागतं?

ज्यांना शेवटी व्हाउचर मिळालं, त्यांची देशभरातली सरासरी सुमारे अडीच वर्षांची आहे. मोठ्या शहरांत त्याहून बरंच जास्त. आणि या सरासरीत यादीत नावच न लागलेले लोक धरलेले नाहीत. अनेक ठिकाणी यादी वर्षानुवर्षं बंद असते. मग एक दिवस काही दिवसांसाठी उघडते, हजारो अर्ज येतात आणि लॉटरीने क्रम लागतो.

इथे थोडं व्यवहाराचं बोलू. एकाच अथॉरिटीवर विसंबू नका. शेजारच्या काउंटीत, दूरच्या लहान गावातही अर्ज करता येतो, आणि एकापेक्षा जास्त याद्यांत नाव ठेवायला मनाई नाही. बेघर, माजी सैनिक, अपंग, त्याच भागात राहणारे किंवा काम करणारे अशांना काही अथॉरिटी प्राधान्य देतात. तुम्ही यात बसत असाल तर अर्जात ते लिहा, विचारल्याशिवाय कुणी सुचवत नाही. आणि पत्ता किंवा फोन बदलला की दर वेळी लेखी कळवा. यादीतून नावं गळण्याचं एक अगदी साधं कारण म्हणजे अथॉरिटीचं पत्र जुन्या पत्त्यावर जातं आणि उत्तर येत नाही. चार वर्षांची रांग एका पाकिटापायी फुकट जाते.

व्हाउचर हातात आलं. पुढे काय?

घड्याळ सुरू होतं. घर शोधायला किमान ६० दिवस मिळतात. मुदतवाढ मागता येते, पण ती संपायच्या आत मागायची. अपंगत्वामुळे जास्त वेळ हवा असेल तर तसं स्पष्ट लिहून मागावं.

घर सापडलं की मालकासोबत मंजुरीचा अर्ज भरून द्यायचा. अथॉरिटी तीन गोष्टी पाहते: त्या परिसरातल्या तशाच घरांच्या तुलनेत भाडं वाजवी आहे का, तुमचा वाटा ४० टक्क्यांच्या आत आहे का, आणि घर राहण्याजोगं आहे का. शेवटच्यासाठी निरीक्षक प्रत्यक्ष येतो. गरम पाणी, हीटिंग, धुराचा अलार्म, खिडक्या-दारांच्या कड्या, गळती. घर १९७८ च्या आधीचं असेल आणि सहा वर्षांखालचं मूल राहणार असेल, तर शिसं असलेल्या रंगाचे पापुद्रे सुटलेत का हेही पाहतात. काही कमी निघालं तर मालकाने दुरुस्त करायचं, मग पुन्हा पाहणी.

यात दिवस जातात, आणि तेवढ्यात मालक दुसरा भाडेकरू ठेवून मोकळा होऊ शकतो. डिपॉझिट बहुधा व्हाउचरमध्ये येत नाही, ते स्वतःच उभं करावं लागतं. काही शहरांत आणि संस्थांकडे त्यासाठी वेगळा निधी असतो, तो आधीच विचारून ठेवा.

इतकं सगळं करूनही दहांतल्या सुमारे चार कुटुंबांना मुदतीत घर सापडत नाही आणि व्हाउचर परत जातं. इतकी वर्षं थांबून मिळालेली गोष्ट अशी हातातून जाणं, हे या योजनेचं सर्वांत मोठं अपयश आहे असं मला वाटतं. रांग लांब आहे त्याला कारण पैसा. रांग संपल्यावरही दार उघडत नाही, त्याचं कारण वेगळं आहे.

मालक 'आम्ही सेक्शन ८ घेत नाही' म्हणू शकतो का?

तुम्ही कुठे राहता यावर ते अवलंबून आहे. केंद्रीय कायद्यात वंश, धर्म, लिंग, मुलं असणं, अपंगत्व यांवरून नकार द्यायला बंदी आहे, पण भाडं कुठून येतं यावरून नकार द्यायला सरसकट बंदी नाही. ती राज्यं आणि शहरं घालतात. मॅसॅच्युसेट्सने १९७१ मध्येच सुरुवात केली. न्यू जर्सी, ओरेगन, वॉशिंग्टन राज्य, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, इलिनॉय इथे आज असा कायदा आहे. टेक्सासने उलट दिशा धरली: तिथे शहरांनाच असा नियम करायला राज्याने मनाई केली आहे, माजी सैनिकांपुरता अपवाद ठेवून.

कायदा आहे तिथेही नकार थांबत नाहीत, फक्त त्यांची भाषा बदलते. 'घर आत्ताच गेलं', 'भाड्याच्या तिप्पट उत्पन्न हवं' वगैरे. बंदी असलेल्या राज्यात असाल तर असे संदेश, तारखा, जाहिरातीचे फोटो जपून ठेवा. राज्याच्या मानवाधिकार खात्याकडे तक्रार करताना तेच कामी येतात.

मालकांना हे नको का असतं?

पूर्वग्रह हा एक भाग आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पण सगळेच मालक वाईट नाहीत. पाहणीसाठी घर दोन-तीन आठवडे रिकामं ठेवणं छोट्या मालकाला परवडत नाही. कागद जास्त, अथॉरिटीचा फोन लागत नाही. दुसऱ्या पारड्यात मोठी गोष्ट अशी की भाड्याचा बराचसा भाग दर महिन्याला सरकारकडून ठरल्यावेळी येतो, मंदी असो वा साथ. मालकाशी बोलताना व्हाउचरच्या आधी आपला आतापर्यंतचा भाडं भरण्याचा इतिहास पुढे ठेवा. भाडेकरूची पारख करणं हे मालकाचंच काम आहे, अथॉरिटी ते करत नाही.

दुसऱ्या गावी किंवा राज्यात नेता येतं का?

येतं. याला 'पोर्टेबिलिटी' म्हणतात. मात्र अर्ज करताना तुम्ही त्या अथॉरिटीच्या हद्दीत राहत नसाल, तर पहिलं वर्ष तिथेच काढायला सांगू शकतात. घरगुती हिंसाचारातून बाहेर पडणाऱ्यांना केंद्रीय कायद्याचं वेगळं संरक्षण आहे. त्यांच्यावर झालेल्या अत्याचाराचं निमित्त करून त्यांचं व्हाउचर काढता येत नाही.

चांगल्या वस्तीत गेल्याने खरंच फरक पडतो का?

याचं उत्तर शोधायला सरकारने एक मोठा प्रयोगच केला. १९९४ ते १९९८ दरम्यान बाल्टिमोर, बोस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कमधल्या सुमारे ४,६०० कुटुंबांची चिठ्ठी टाकून विभागणी झाली. काहींना कमी गरिबीच्या वस्तीतच वापरता येणारं व्हाउचर, काहींना साधं, काहींना काहीच नाही. पहिली बरीच वर्षं निष्कर्ष निराश करणारे होते. मोठ्या माणसांची कमाई वाढली नव्हती. त्यांची मानसिक आणि शारीरिक तब्येत मात्र सुधारली होती.

मग ती मुलं मोठी झाली. राज चेट्टी, नॅथॅनियल हेंड्रन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी करनोंदी तपासल्या, तेव्हा चित्र पालटलं. तेराव्या वर्षाच्या आत ज्यांचं कुटुंब चांगल्या वस्तीत गेलं, त्या मुलांची विशीतली कमाई तुलनेच्या गटापेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त होती. त्याहून मोठ्या वयात हललेल्या मुलांना असा फायदा झाला नाही. म्हणजे वयाचं गणित आहे, आणि पाच वर्षांची रांग त्या गणितात पाच वर्षं खाते.

तरी बहुतेक कुटुंबं ओळखीच्या वस्तीतच का राहतात? त्यांना तेच हवं असतं म्हणून, असं पूर्वी मानत. सिएटल आणि किंग काउंटीत नंतर झालेल्या प्रयोगात कुटुंबांना घर शोधायला, मालकाशी बोलायला आणि डिपॉझिटला मदत केली. चांगल्या वस्तीत जाणाऱ्यांचं प्रमाण १५ वरून ५३ टक्क्यांवर गेलं.

व्हाउचरमुळे सगळ्यांचीच भाडी वाढतात, हे खरं का?

अभ्यासांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. जिथे नवीन घरं बांधणं अवघड आहे तिथे थोडा दाब पडू शकतो. पण शेजाऱ्यांच्या तुलनेत भाडं वाजवी असल्याची तपासणी प्रत्येक घराची होते, म्हणून मालकाला मनाला येईल तो आकडा लावता येत नाही. घरांचा तुटवडा मात्र व्हाउचरने भरून निघत नाही. त्यासाठी घरंच बांधावी लागतात.

आणखी कुठले प्रकार आहेत?

माजी सैनिकांसाठी 'हड-व्हॅश', त्यात घरासोबत सल्ला आणि उपचारही येतात. 'प्रोजेक्ट-बेस्ड' व्हाउचर इमारतीला चिकटलेलं असतं, घर सोडलं की तेही सुटतं, पण ठरावीक काळ राहिल्यावर फिरतं व्हाउचर मागता येतं. कोविडच्या काळात, २०२१ च्या कायद्याने ७०,००० आपत्कालीन व्हाउचर आली होती, ५ अब्ज डॉलरची. भाडी वाढल्याने तो निधी अपेक्षेपेक्षा लवकर आटला. तुमचं व्हाउचर त्यातलं असेल, तर पुढची सोय काय हे अथॉरिटीला आजच विचारा.

'फॅमिली सेल्फ-सफिशियन्सी' ही जोडयोजनाही माहीत असू द्या. कमाई वाढल्यामुळे वाढलेल्या भाड्याइतकी रक्कम तुमच्या नावे बाजूला ठेवली जाते आणि ठरलेली उद्दिष्टं गाठल्यावर तुम्हाला मिळते. पगारवाढ नको वाटायचं कारणच ती काढून टाकते, तरी फार थोडे लोक त्यात असतात.

व्हाउचर कशाने जातं?

उत्पन्न किंवा घरातली माणसं लपवली तर. पाहणीला दार उघडलं नाही तर. भाडेकरार गंभीरपणे मोडला तर. आई-वडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा किंवा नातवंडं यांचं घर भाड्याने घेता येत नाही, अपंगत्वामुळे गरज असेल तर अपवाद होतो.

आणि एक सापळा: मालक म्हणतो, 'कागदावर १,४०० दाखवू, वरचे २०० रोख दे.' हे बेकायदा आहे आणि अडचणीत तुम्हीही येता. नकार देऊन अथॉरिटीला कळवा.

व्हाउचर काढल्याची नोटीस आली, तर सुनावणी मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. त्याची मुदत नोटिशीतच लिहिलेली असते आणि ती कमी असते. मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेला त्याच दिवशी फोन करा.

अर्जाला फी किती?

शून्य. यादीत नाव वर सरकवून देतो म्हणून पैसे मागणारी वेबसाइट किंवा माणूस भेटला, तर तो फसवणारा आहे. आपल्या भागातली अथॉरिटी कोणती हे 'हड'च्या संकेतस्थळावर सापडतं, आणि अर्ज तिच्याकडेच करायचा.